न चाखलेली आमटी

लोणावळ्यात आमचं मेडिकल चिक्कीच्या दोन दुकानांमध्ये आहे. लोक आधी डावीकडे चिक्की घेतात, मग उजवीकडे फज घेतात आणि शेवटी मध्ये आमच्याकडे येऊन ॲसिडिटीची गोळी मागतात. अशा जागी उभं राहून भूक कमी करणारं औषध विकावं लागेल, असं मला नोकरी धरली तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

मी फार्मासिस्ट आहे. औषधाच्या दुकानाला आमच्याकडे मेडिकल म्हणतात, म्हणून मी मेडिकलवाली ताई. माझे वडील देहूरोडच्या डेपोत हमाल होते. आमच्या वस्तीतून पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. त्यात माझ्या शाळेतल्या बाईंचा आणि शिष्यवृत्तीचा वाटा किती आणि माझा किती, हे मला नीट माहीत आहे, म्हणून पदवीचा तोरा मी कधी मिरवला नाही. फार्मसीला प्रवेश मिळाला तेव्हा वडिलांनी विचारलं होतं, "म्हंजी डॉक्टर व्हणार का?" मी म्हटलं, "नाही, डॉक्टर लिहून देतील ते औषध मी देणार." ते म्हणाले, "म्हंजी त्यांनी काय चुकीचं लिवलं तर तू धरणार." आमच्या धंद्याची एवढी नेमकी व्याख्या मला कॉलेजातही कोणी सांगितली नाही.

वजनाच्या इंजेक्शनांचे दिवस आले तेव्हा पहिली गिऱ्हाइकं बंगल्यांतली होती. शनिवारी मुंबईहून यायची आणि गाडीत बसूनच हॉर्न वाजवायची. एक बाई मला चांगल्या आठवतात. मुलीचं लग्न महिन्यावर आलेलं आणि लग्नात घालायचा ब्लाउज आधीच शिवून झालेला.

"ते आठवड्याला घ्यायचं इंजेक्शन द्या. सगळ्यात स्ट्राँग असेल ते."

"डॉक्टरांची चिठ्ठी?"

"अहो, माझी मैत्रीण घेते. तिला विचारून आलेय."

मी त्यांना समजावलं की हे औषध अगदी लहान मात्रेपासून हळूहळू वाढवतात. एकदम जोरात घेतलं तर लग्नात वधूमाय मांडवात कमी आणि मोरीत जास्त दिसतील. शिवाय घरात कोणाला कसले आजार होते, स्वादुपिंडाचा त्रास आहे का, हे डॉक्टरांनी विचारल्याशिवाय ते सुरूच करायचं नसतं. बाई रागावल्या. "ब्लाउज उसवून घेणं सोपं पडेल," असं मी म्हटल्यावर तर फारच रागावल्या आणि निघून गेल्या.

त्या गेल्यावर काउंटरच्या कोपऱ्यातून आवाज आला, "ताई, ते विंजेक्शन बंगलेवाल्यांनाच देत्यात का?"

गजरामावशी होत्या. आंदर मावळात, टाकव्याच्या पुढे, त्यांचं गाव. गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण पुढे ज्या अण्णांची गोष्ट येणार आहे ते मला अजून भेटतात. गजरामावशी म्हणजे त्या भागातल्या लग्नांच्या आचारी. बचत गटातल्या पाच-सहा बायका हाताखाली घेऊन त्या अख्ख्या वऱ्हाडाचा स्वयंपाक उतरवतात. मावशींची आमटी आहे म्हटल्यावर नको असलेल्या सोयरिकीच्या लग्नालाही लोक जातात, असं त्या भागात म्हणायचे. पण मावशींचं वजन फार होतं, साखर वाढलेली होती आणि दोन्ही गुडघे संपलेले होते. तळेगावच्या हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की आधी वजन उतरवा, मग ऑपरेशनचं बघू. वर्षभर त्या माझ्याकडून फक्त दुखण्याचा मलम नेत होत्या.

"तसं काही नाही, मावशी," मी म्हटलं.

"मंग आमाला कुणी कसं इचारलं न्हाई?"

मी मनातल्या मनात कारणं मोजली. हवी तेवढी होती. आंदर मावळात ते औषध लिहून देणारा डॉक्टर नव्हता. किंमत आवाक्याबाहेर होती. आणि औषध थंडीत ठेवावं लागतं, तर तिथली वीज लहरी आणि घरांवर पत्रे. उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवलेलं इंजेक्शन म्हणजे नुसतं महाग पाणी. पण ही सगळी कारणं होती, उत्तर नव्हे.

आमच्या मेडिकलजवळ एका ट्रस्टचा छोटा दवाखाना आहे. तिथल्या डॉक्टर मॅडम कमी बोलतात आणि पटलेली गोष्ट लगेच करतात. मी त्यांना मावशींचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "डॉक्टर मी येते. पैशांचं ट्रस्टशी बोलते. थंडीचं तुम्ही बघा."

थंडी मला मावशींच्या गावच्या दूध डेअरीत सापडली. आख्ख्या गावात जनरेटर फक्त तिथे होता, कारण दूध नासून चालत नाही. डेअरीचे सेक्रेटरी बबनअण्णा. त्यांच्या ऑफिसात एक फ्रिज होता आणि त्यात जनावरांच्या लसी ठेवलेल्या होत्या.

"ठेवा की बिनधास्त," अण्णा म्हणाले. "लाळ्या-खुरकुताची लस वरच्या फळीला, तुमची खालच्या."

"अण्णा, माणसांची औषधं वेगळ्या फ्रिजमध्ये ठेवावी लागतात."

"का? गाईला चुकून टोचलं तर ती बारीक व्हईल व्हय?"

"गाईची काळजी नाही, मावशींना लाळ्याची लस टोचली गेली तर?"

"त्यांचं तोंड गप व्हईल, बरंच हाय की," अण्णा म्हणाले. पण ट्रस्टनं दिलेल्या वेगळ्या फ्रिजला त्यांनी स्वतः ऑफिसात जागा करून दिली. त्यात थर्मामीटर ठेवला. पेनं दारात ठेवायची नाहीत, बर्फाच्या कप्प्याजवळ ठेवायची नाहीत, मधल्या फळीवरच ठेवायची, हे मी अण्णांना शिकवलं. इंजेक्शनचं पेन म्हणजे शाईच्या पेनासारखंच दिसतं, त्याचं टोक फिरवून मात्रा लावतात आणि दर वेळी नवी सुई बसवून पोटाच्या कातडीत टोचतात. एक पेन एकाच माणसाचं. प्रत्येक पेनावर मी नाव चिकटवलं.

नाव चिकटवण्याला कारण होतं. आठवडाबाजाराच्या दिवशी मॅडमचा दवाखाना डेअरीच्या ओट्यावर सुरू झाला आणि पहिल्याच महिन्यात दोन जावा आल्या. धाकटीला औषध सुरू झालं होतं. थोरली म्हणाली, "हिच्याच पेनातलं मलाबी द्या थोडं."

मी म्हटलं, "असं चालत नाही, ताई. रक्तातून आजार जातात इकडून तिकडं."

"आमी एका ताटात जेवतो."

"जेवा. पण टोचायचं वेगळं."

थोरली जरा फुगली. मग मॅडमनी तिला तपासलं आणि सांगितलं की तुम्हाला याची गरजच नाही, तुमचं वजन चांगलं आहे. तर ती अजूनच फुगली. धाकटीला मिळालेली वस्तू आपल्याला नाही, हे तिला काही केल्या गोड लागेना.

वजनाचा काटा डेअरीचाच होता, पेंडीची पोती तोलायचा. पहिल्या दिवशी गजरामावशी त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "आता पोत्याच्या लायनीत हुबी करताय व्हय मला?" पण चढल्या. अण्णांनी आकडा मोठ्यानं वाचायला तोंड उघडलं, तेव्हा मावशींनी त्यांच्याकडे असं बघितलं की पुढे कोणाचाच आकडा त्या ओट्यावर मोठ्यानं वाचला गेला नाही. असा नियम मी कितीही छापील पाट्या लावून बसवू शकले नसते.

औषधानं काम केलं. हे औषध भुकेचा दिवा बारीक करतं. पोट हळू रिकामं होतं आणि डोक्याला लवकर पोचतं की पुरे झालं. सुरुवातीला मावशींना मळमळलं, ते थांबलं. मॅडमनी डाळी, अंडी, मटकी खायला आणि रोज थोडं चालायला सांगितलं. श्रावण सरेपर्यंत मावशी ओट्याच्या पायऱ्या कठडा न धरता चढू लागल्या. गावातल्या बायका म्हणू लागल्या, "गजराबाई, आजारी हाय का? वाळली की गं." मावशी सांगायच्या, "साखर उतारतीय, त्याला वाळली म्हंत्यात का?" पण मला मात्र त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी खटकत होतं. विचारलं तर सांगायच्या नाहीत.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी ह्या भागात हत्यारांची, यंत्रांची पूजा असते. नांगर, कोयता, ट्रॅक्टर, सगळं धुऊन पुसून हळदकुंकू वाहतात, झेंडूच्या माळा घालतात आणि त्या दिवशी त्याला कामाला लावत नाहीत. दसरा झाल्यावर मी डेअरीत गेले तर आमच्या फ्रिजवर ही मोठी झेंडूची माळ आणि दारावर कुंकवाची पाच बोटं. बघून मला बरंच वाटलं. मग मी दार उघडलं.

मधल्या फळीवर बर्फाची कवची होती. एक पेन उचललं. आतल्या औषधात बर्फाच्या पांढऱ्या सुया तरंगत होत्या.

"अण्णा, काय केलंत?"

"पूजा केली," अण्णा अभिमानानं म्हणाले. "रातंदिस घरघर करतंय बिचारं. येक दिस इसावा दिला. बंद करून पुसून घेतलं."

"आणि पेनं?"

"ती ताटात ठेवलीवती, हळदकुंकू लावून. आवो, तीबी हत्यारंच की. मंग दुसऱ्या दिवशी चालू केलं. येका दिसाची थंडी बुडाली म्हणून बटन पुरं फिरवलं. भरून निघाया नको?"

आता मला सांगायला हवं की एक दिवस बाहेर राहिल्यानं फारसं बिघडलं नसतं. दसऱ्याच्या हवेत ते निभावलं असतं. पण हे औषध एकदा गोठलं की गेलं. परत वितळून दिसायला पहिल्यासारखं दिसतं आणि काम करत नाही.

"वितळंल की दुपारपातुर," अण्णा म्हणाले.

"वितळेल, अण्णा. पण ते टोचून काही उपयोग होणार नाही."

अण्णांचा चेहरा पडला. त्यांच्या दृष्टीनं त्यांनी फ्रिजला घरच्या बैलासारखं वागवलं होतं. मी त्यांना रागावू शकले नाही. बटन फिरवू नका असं मी शिकवलं होतं, पण फ्रिजला सुट्टी देऊ नका असं शिकवायचं मला सुचलं नव्हतं. आता दर वर्षी त्या दिवशी फ्रिजला माळ असते, कुंकू असतं आणि बटनावर चिकटपट्टी असते. ती अण्णा स्वतः लावतात.

नवीन पेनं यायला दिवाळी उलटली. बाकीचे लोक परत आले, मॅडमनी त्यांना पुन्हा लहान मात्रेपासून सुरू केलं. गजरामावशी आल्या नाहीत. पुढच्या बाजारालाही नाहीत. म्हणून मीच त्यांच्या घरी गेले.

मावशी चुलीपुढे स्टुलावर बसल्या होत्या. माझ्यापुढे त्यांनी आमटीची वाटी ठेवली.

"प्या आधी. मंग बोला."

आमटी अशी होती की मी खरंच आधी प्यायले.

"ताई, मी न्हाई येनार आता," मावशी म्हणाल्या. "तुमचं औशद लय गुनाचं. पाय हलकं झालं, समदं खरं. पन माझी जीभ गेलती. वऱ्हाडाचं म्हंजी आठ-धा पातेली असत्यात. ह्यातलं चाखायचं, त्यातलं चाखायचं. तुमचं विंजेक्शन घेतलं की दोन पातेल्यातच पोट म्हंतंय बास. तिसऱ्याला जीभ लावावीशीच वाटंना. आता लग्नं सुरू व्हनार. माझ्या हाताखाली पाच बाया हायत्या, त्यांची घरं हायती. आमटी बिघडली तर पुन्यांदा कोन बोलवंल आमाला? विंजेक्शन बंद झालं अन् जीभ मागारी आली."

"आणि गुडघे?"

"तेबी मागारी आले," मावशी म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. पण उठून वाटी ठेवायला गेल्या तेव्हा भिंत धरावी लागली, आणि ते मी बघितलं हे त्यांनी बघितलं.

"दुसऱ्या कोणाला चाखायला सांगा," मी म्हटलं.

"दुसऱ्याच्या जिभंवर माझं नाव चालंल व्हय?"

मी परत आले. कॉलेजात औषधांचे दुष्परिणाम पाठ केले होते, मळमळ, उलटी, बद्धकोष्ठ, सगळे. आचाऱ्याची जीभ त्यात नव्हती. साखर पुन्हा चढत होती, ऑपरेशन लांबत होतं. आणि दुसऱ्या बाजूला त्या बाईनं आयुष्यभर कमावलेली एकच गोष्ट होती. औषध घ्या म्हणून मी कोणत्या तोंडानं सांगणार होते?

चंपाषष्ठीला गावच्या खंडोबाचा भंडारा होता आणि बबनअण्णांनी मला आग्रहानं बोलावलं. त्यांना अजून अपराधी वाटत होतं, त्यामुळे त्या वर्षी ते मला सगळीकडेच बोलवत होते. देवळामागे चुली पेटलेल्या. गजरामावशी स्टुलावर बसून वांग्याचं भरीत आणि आमटी करून घेत होत्या. हाताखालच्या शेवंतानं आमटीत बोट बुडवलं मात्र, मावशी कडाडल्या.

"शेवंते! निवेद दावायच्या आदी जीभ लावतीस? देव काय उष्टं खानार हाय का तुजं?"

शेवंतानं जीभ चावली आणि बोट पदराला पुसलं. आमच्या घरी नैवेद्य नसतो, त्यामुळे मला ह्या गोष्टी बाहेरूनच माहीत. म्हणून मी अगदी सरळ विचारलं, "मग मावशी, मीठ बरोबर आहे हे कळतं कसं?"

"वासानं," मावशी म्हणाल्या, डाव हलवत. "अळनी आमटीचा वास वर उडतो. मीठ पडलं की खाली बसतो. अन् चिंच जास्ती झाली तर कड वेगळा येतो, फेस बारीक धरतो."

"म्हणजे तुम्ही अख्ख्या गावाची आमटी न चाखता करता?"

"दर सालाला. आईबी तशीच करायची."

"आणि बिघडते का?"

"खंडोबाची आमटी बिघडंल? काय बोलताय, ताई!"

मी फक्त त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांच्या हातातला डाव हळूहळू थांबला.

"देवाचं येगळं असतं," मावशी म्हणाल्या.

"व्हय का?" शेवंता मध्येच म्हणाली. तिला बोट पुसावं लागल्याचा राग होताच. "देवाला चालतं ते व्याह्याला चालंना व्हय? व्याही काय देवापेक्षा मोठा लागून गेला?"

चुलींवरच्या सगळ्या बायका हसायला लागल्या. मावशींनी शेवंताकडे डाव उगारला, पण त्यासुद्धा हसत होत्या. पुढच्या बाजाराला त्या डेअरीच्या ओट्यावर आल्या. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, मात्रा लहानच ठेवायची ठरवली, आणि टोचायचा दिवस असा निवडला की लग्नाच्या आदल्या दिवशी तो येणार नाही. तोपर्यंत हे औषध कोणाच्या लग्नतिथी बघून द्यावं लागेल, असं मॅडमनाही वाटलं नसेल.

पुन्हा औषध सुरू झाल्यावरचं पहिलं मोठं लग्न पौषानंतर होतं. मला आमंत्रण होतं आणि काळजी मावशींपेक्षा मलाच जास्त होती. वऱ्हाड चाकणकडचं, चोखंदळ. चुलींपाशी गेले तर मावशी एका पातेल्यावरून दुसऱ्या पातेल्याकडे चालत जात होत्या. स्टूल कोपऱ्यात पडलेलं. प्रत्येक पातेल्यावर वाकायच्या, डोळे मिटायच्या, वाफ घ्यायच्या आणि सांगायच्या, "मीठ, मूठभर." किंवा नुसतंच, "उतरवा." चाखलं काहीच नाही. शेवंता हात मागे बांधून उभी होती, जणू सगळीकडे खंडोबा बसला आहे.

पहिली पंगत बसली. मावशी मांडवाच्या कनातीआड उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "चला, बघू या." त्या म्हणाल्या, "बघायचं न्हाई. ऐकायचं." वाढपी पुढे गेले. बोलणं चाललं होतं ते एकाएकी थांबलं. पंगत गप्प झाली. मला वाटलं, संपलं. मावशींनी बोटानं मला थांबायची खूण केली. मग एका टोकाकडून हाक आली, "आमटी!" मग मधून, "आमटी आणा हिकडं!" आणि मग सगळीकडून. वरबापानं तर वाढप्याचा हात धरून भातावर तीनदा घेतली.

शेवटच्या पंगतीला आचाऱ्यांनी जेवायचं असतं. मावशी जमिनीवर बसल्या. मांडी घालून, जमिनीवर. त्यांना असं बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. पत्रावळीवर भात थोडा, आमटी थोडी. पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

"कशी झालीय?" मी विचारलं.

त्यांनी इकडे तिकडे बघितलं आणि माझ्या कानाशी आल्या. "मीठ कमी पडलंय. नखभर. कुनाला बोलू नका." मग बोटावरची आमटी नीट चाटून म्हणाल्या, "फुडच्या लग्नाला वास आजून खोल घेते."

पुढच्या लग्नाला. वर्षभर मी त्या औषधाबरोबर जे देऊ पाहत होते ते हे 'पुढचं'च असावं. आंदर मावळात अजून कितीतरी लांबच्या वस्त्या आहेत, जिथून लोक बाजाराच्या दिवशीही ओट्यापर्यंत पोचत नाहीत, आणि त्यांचा मावशींसारखाच, 'आमाला कुणी कसं इचारलं न्हाई' हा प्रश्न मला रोज ऐकू येतो. पण त्या दुपारी तो थोडा वेळ थांबला.

मी मावशींना उठवायला हात पुढे केला. त्यांनी माझ्या हातात रिकामी पत्रावळ ठेवली आणि स्वतःच उठल्या.